संकल्पनात्मक प्रतिमान भाषा : तत्त्वज्ञानाचे स्थान

माहितीप्रणाली उभारण्याआधी त्या क्षेत्रात काय काय आहे आणि कशाचा कशाशी संबंध आहे, हे आकृतीत मांडण्याची भाषा. पीटर चेन यांचे वस्तु-संबंध प्रतिमान (1976) सर्वपरिचित आहे. अशा भाषेत कोणती चिन्हे हवीत, हे ठरवताना सत्तामीमांसा (जगात मुळात काय काय असते, याचा विचार) टाळता येत नाही. माहितीप्रणालीचे अभ्यासक यायर वँड व रॉन वेबर यांनी तत्त्वज्ञ मारिओ बुंगे यांच्या सत्तामीमांसेवरून (दोन खंड, 1977 व 1979) भाषेचे चार दोष दाखवले : अर्थाला चिन्ह नसणे, एका चिन्हाला अनेक अर्थ, एका अर्थाला अनेक चिन्हे आणि निरर्थक चिन्ह.

बडोद्याच्या मध्यवर्ती ग्रंथालयासारख्या (स्थापना 1910) संस्थेचे प्रतिमान करताना ‘पुस्तक’ या एकाच चौकोनात कृती (लेखकाची रचना) आणि प्रत (कपाटातले एकेक पुस्तक) दोन्ही कोंबल्या, तर दुसरा दोष घडतो : हरवते प्रत, पण यादीतून जाते कृती. ‘सभासद’ ही भूमिका आहे, ‘व्यक्ती’ हा मूळ प्रकार. सभासद संस्थाही असू शकते म्हणून व्यक्ती व संस्था यांना चुकीने सभासदाचे उपवर्ग (पोटप्रकार) केले जाते. मग लेखक, जामीनदार यांनाही सभासद व्हावे लागते आणि सभासदत्व रद्द करताना माणसाची नोंदच पुसली जाते.

खरा वाद संबंधांविषयी आहे. बुंगे यांच्या मते गुणधर्माला गुणधर्म नसतो आणि संबंध हाही गुणधर्मच; त्यामुळे पुस्तकांची देवघेव हा नुसता संबंध धरल्यास दिल्याची तारीख, मुदत, दंड त्याला जोडता येत नाहीत. जियानकार्लो ग्विझार्डी (2005) अशा देवघेवीला स्वतःचे अस्तित्व असलेला ‘संबंधक’ मानतात. व्यवहारात हीच मांडणी अधिक टिकते.

गुणाला गुण नसतो, हे वैशेषिक या प्राचीन भारतीय दर्शनालाही मान्य आहे. तेथे संयोग (दोन वस्तू जोडल्या जाणे) हा गुणच होय. बुंगे यांच्याशी हे साम्य केवळ तार्किक समजावे. मुनी जंबूविजय यांनी संपादलेले चंद्रानंदाच्या वृत्तीसह वैशेषिकसूत्र बडोद्याच्या गायकवाड ओरिएंटल सिरीजमध्ये 1961 साली निघाले. चंद्रानंदाचा काळ निश्चित नाही; तो याच सूत्रांचे दुसरे टीकाकार शंकर मिश्र यांच्या बराच आधीचा, एवढे मात्र मान्य आहे. मिश्रांच्या पाठातील सहा पदार्थ (जे जे आहे त्याचे मूळ प्रकार) एकत्र मोजणारे सूत्र चंद्रानंदाच्या पाठात नाही. ते मागाहून आले असावे, हे मत अधिक ग्राह्य वाटते. अभाव हा सातवा पदार्थ नंतरचा.

प्रतिमानकाराला मात्र तो सातवाच जास्त उपयोगी. बुंगे नकारात्मक गुणधर्म मानत नाहीत. म्हणून त्यांचे अनुयायी ऐच्छिक (रिकामा राहू शकणारा) रकाना टाळून उपवर्ग पाडतात. परतीच्या तारखेचा रिकामा रकाना म्हणजे प्रागभाव (घडण्यापूर्वीचे नसणे), तो पुढे भरेल. संस्थेच्या जन्मतारखेचा रकाना अत्यंताभावाचा (कधीच नसण्याचा), तो आकृतीत ठेवूच नये. परत आलेल्या प्रतीची तारीख लिहायची राहिली असेल, तर तेथे वस्तूचा अभाव नसून नोंदीचा आहे. त्यासाठी वेगळी खूण लागते.