डिपेंडन्सीमध्ये फाईल ओव्हरराइटची त्रुटी सापडली तर: कोणी, कुठे, काय कळवायचे

समजा, फोंड्यातल्या एखाद्या देवस्थानच्या संकेतस्थळावरून अग्रशाळेची खोली बुक करता येते आणि सोबत सगळ्या कुटुंबाची ओळखपत्रे एकाच आर्काइव्ह फाईलमधून (झिपसारखी, अनेक फाईली एकत्र बांधलेली फाईल) अपलोड होतात. संकेतस्थळ पणजीतल्या एका एजन्सीने केलेले, सर्व्हर भाड्याचा. ती फाईल उघडण्याचे काम करणारे ओपन सोर्स पॅकेज (कोणालाही वापरता येणारा तयार कोड) मात्र कोणी मुद्दाम निवडलेलेही नसते, दुसऱ्या एका पॅकेजबरोबर ते आपसूक आलेले असते. आपला कोड ज्यावर विसंबतो अशा पॅकेजला डिपेंडन्सी म्हणतात. त्यातच त्रुटी निघाली, तर अर्ज कोणाकडे करायचा?

आधी त्रुटी म्हणजे काय ते पाहू. आर्काइव्हमधल्या फाईलच्या नावात ../../ असे घालून दिले आणि पॅकेजने ते तपासले नाही, तर फाईल अपलोडच्या फोल्डरमध्ये न पडता वरच्या फोल्डरात जाऊन तिथली मूळ फाईल पुसून टाकते. २०१८ मध्ये ‘झिप स्लिप’ या नावाने हा प्रकार गाजला. २०२१ मध्ये नोड-टार या पॅकेजात त्याचाच भाऊबंद निघाला (सीव्हीई-२०२१-३२८०४; सीव्हीई म्हणजे जाहीर त्रुटींना मिळणारा जागतिक ओळख क्रमांक). नावाच्या सुरुवातीची एक तिरकी रेघ ते काढून टाकायचे, पण कोणी लागोपाठ चार रेघा दिल्या तर उरलेल्या तीन तशाच राहायच्या आणि फाईल थेट सर्व्हरच्या मुळापासून हव्या त्या जागी लिहिली जायची. ६.१.१ या आवृत्तीत हे दुरुस्त झाले, आणि ३, ४, ५ या जुन्या मालिकांसाठीही दुरुस्ती आली.

त्रुटीला असा सीव्हीई क्रमांक आधीच मिळालेला असेल, तर त्रुटी कळवण्यासाठी कसलाही अर्ज नको. लॉक फाईल (बसवलेल्या सगळ्या पॅकेजांची व त्यांच्या आवृत्त्यांची यादी) उघडा, ते पॅकेज कोणाच्या मागून आले ते शोधा आणि आवृत्ती वाढवा. मधले पॅकेज अडून बसले असेल तर प्रकल्पाच्या package.json फाईलमधल्या ओव्हरराइड्स या भागात नवी आवृत्ती सक्तीने लावा.

नवी त्रुटी असेल तर

पात्रतेची अट अशी काही नाही. विद्यार्थीही कळवू शकतो. मात्र चाचणी स्वतःच्या मशीनवर किंवा मालकाच्या लेखी परवानगीनेच करावी. दुसऱ्याच्या सर्व्हरवर ‘करून पाहिले’ तर माहिती तंत्रज्ञान कायद्याची कलमे ४३ आणि ६६ लागू शकतात, आणि कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. हेतू चांगला होता, हे नंतर पटवत बसावे लागते.

पहिली खबर पॅकेज सांभाळणाऱ्यांना, आणि तीही खासगीत. गिटहबवर (जिथे अशा पॅकेजांचा कोड ठेवलेला असतो) प्रकल्पाच्या ‘सिक्युरिटी’ विभागात ती सोय असते, मात्र सांभाळणाऱ्याने ती सुरू केलेली असावी लागते. उघड इश्यू (सगळ्यांना दिसणारी तक्रार) टाकू नका. पॅच, म्हणजे दुरुस्ती, येण्याआधीच हल्लेखोराच्या हाती सगळे लागते. सीव्हीई क्रमांक गिटहबमार्फत मागण्याचा अधिकार प्रकल्पाच्या चालकाचा. तो दाद देत नसेल तर मायटर या सीव्हीई चालवणाऱ्या अमेरिकी संस्थेच्या अर्जातून आपण मागू शकतो. फी नाही. भारतात समन्वय साधणारी संस्था सर्ट-इन (केंद्र सरकारची सायबर सुरक्षा संस्था) आहे आणि तिच्याकडे त्रुटी कळवण्याचा वेगळा नमुना आहे.

सोबत जोडायचे ते थोडकेच: पॅकेजचे नाव व नेमकी आवृत्ती, त्रुटी दाखवणारी लहानात लहान आर्काइव्ह फाईल, ती उघडल्यावर कोणती फाईल कुठे लिहिली गेली, आणि कोणाला कधी कळवले. नमुन्यात भक्तांची खरी आधारकार्डे ठेवू नका.

कोणी आत शिरलेच असेल तर

नुसती त्रुटी म्हणजे घटना नव्हे. पण क्रॉनच्या (ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांच्या) यादीत अनोळखी नोंद, एसएसएचच्या (दुरून सर्व्हरमध्ये शिरण्याच्या) परवानगीच्या फाईलमध्ये नवी किल्ली किंवा अपलोड फोल्डरमध्ये पीएचपी फाईल (सर्व्हरवर चालू शकणारा प्रोग्राम) दिसली, की कळवण्याची खिडकी बदलते. २८ एप्रिल २०२२ च्या सर्ट-इनच्या निर्देशांनुसार, घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवणे सेवा पुरवठादार, कंपन्या व सरकारी संस्थांना बंधनकारक आहे. चवथीची सुट्टी असली तरी घड्याळ थांबत नाही. एजन्सी या यादीत बसतेच. देवस्थान बसते की नाही यावर बैठक घेण्यातच सहा तास जातील, तेव्हा ज्याच्या प्रथम लक्षात आले त्याने कळवून टाकावे. ईमेल चालते, आणि १८००-११-४९४९ हा टोल-फ्री क्रमांक आहे. सगळे तपशील हाताशी नसले तरी आहे तेवढे पाठवा, उरलेले नंतर देता येतात.

बॅकअप चढवायची घाई करू नका. आधी डिस्कचा स्नॅपशॉट (आहे त्या स्थितीची प्रत) आणि लॉग (सर्व्हरवर काय घडले त्याच्या नोंदी) बाजूला काढा, नाहीतर पुरावा आपल्याच हाताने पुसला जातो. लॉग १८० दिवसांचे ठेवण्याची सक्ती आहेच. तीन दिवसांचे लॉग ठेवून जागा वाचवणारा सर्व्हर इथेच उघडा पडतो.

सर्ट-इनला कळवणे म्हणजे पोलीस तक्रार नव्हे. पैसे गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन करा. गुन्हा नोंदवायचा तर रायबंदरचे सायबर गुन्हे पोलीस ठाणे आहे.

एक कागद मात्र आजच भरता येतो. याच निर्देशांनुसार संस्थेने संपर्क अधिकाऱ्याचे नाव, हुद्दा, पत्ता, ईमेल आणि फोन सर्ट-इनला द्यायचा असतो. तो माणूस एजन्सी सोडून गेला, की बदललेले नावही कळवावे लागते.