एकच रक्त, दोन आकडे

सेलूच्या मावशीचा दिवाळीनंतर फोन आला. "अरे, एका लॅबनं व्हिटॅमिन डी १७.८ सांगितलं, आठ दिवसांनी दुसरीनं २२.९. मधल्या काळात मी एक गोळी खाल्ली नाही. मग वाढलं कसं?" पहिल्या रिपोर्टवर ठळक अक्षरांत 'कमतरता' लिहिलेलं, दुसऱ्यावर नुसतं 'अपुरे'.

मावशीच्या घरी सोयाबीन पिकतं, म्हणून मी तिला मोंढ्यातलाच दाखला दिला. हमीभावाला माल घालायचा तर ओलावा साधारण १२ टक्क्यांच्या आत लागतो. एका यंत्रावर तो १३ भरतो, तोच माल दुसरीकडे साडेअकरा. कारण ते यंत्र पाणी मोजतच नाही. दाण्यांमध्ये वीज कशी वागते यावरून अंदाज बांधतं. नेमका ओलावा हवा असेल तर दाणे ओव्हनमध्ये वाळवून आधीचं आणि नंतरचं वजन घ्यावं लागतं.

व्हिटॅमिन डीचंही असंच आहे. लॅब मोजते ते २५-हायड्रॉक्सी व्हिटॅमिन डी, म्हणजे यकृतात तयार होणारं साठ्याचं रूप. रक्तात ते फार थोडं असतं, एका मिलिलिटरला काही नॅनोग्रॅम, म्हणजे ग्रॅमच्या अब्जाव्या भागांत मोजण्याइतकं. शिवाय ते मोकळं फिरत नाही; बहुतेक सगळं एका वाहक प्रथिनाला घट्ट चिकटलेलं असतं. आधी ते सोडवायचं, मग मोजायचं. खरी अडचण इथंच आहे. बहुतेक लॅबमधली स्वयंचलित यंत्रं हे काम रसायन घालून काही मिनिटांत उरकतात, आणि प्रत्येक कंपनीचं रसायन वेगळं. गरोदरपणात हे प्रथिन वाढतं, तेव्हा काही पद्धतींमध्ये आकडा खऱ्यापेक्षा कमी येतो.

पुढची पायरी एसटीत जागा धरण्यासारखी. यंत्रात प्रतिपिंडांच्या, म्हणजे डीला पकडणाऱ्या प्रथिनांच्या, ठरावीक जागा असतात. त्यांच्यासाठी आपल्या रक्तातलं डी आणि कंपनीनं खूण करून सोडलेलं डी यांची चढाओढ लागते. खुणेच्या प्रवाशांना जास्त जागा मिळाल्या, तर आपले कमी होते असं गणित. केस-नखांसाठी घेतल्या जाणाऱ्या बायोटिनच्या मोठ्या डोसच्या गोळ्या काही यंत्रांत हीच खूण बिघडवतात आणि डी आहे त्यापेक्षा जास्त दिसतं. रक्त देताना ही गोळी घेत असल्याचं सांगायला हवं. आपण होऊन फार कमी जण सांगतात.

ओव्हनच्या जागी इथं मास स्पेक्ट्रोमेट्री आहे. ती रेणूचं वजनच ओळखते. तिलाही मर्यादा आहेत: तान्ह्या बाळांच्या रक्तात तितक्याच वजनाचा एक जुळा रेणू बराच असतो, तो वेगळा काढला नाही तर आकडा फुगतो.

सगळ्या यंत्रांचं माप जुळावं म्हणून २००९ मध्ये अमेरिकेच्या मानक संस्थेनं, निस्टनं, डीचं ठरावीक प्रमाण असलेलं संदर्भ सीरम (रक्तातल्या पेशी काढल्यावर उरणारा द्रव) उपलब्ध केलं आणि २०१० मध्ये प्रमाणीकरणाचा आंतरराष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. अमेरिकेच्या रोगनियंत्रण संस्थेच्या, सीडीसीच्या, प्रमाणपत्रासाठी निकष असा: सरासरी खऱ्या मूल्यापासून ५ टक्क्यांहून जास्त ढळू नये आणि पुन्हा पुन्हा मोजल्यावरची चढउतार १० टक्क्यांत राहावी. हा निकष पाळणाऱ्या यंत्रावरही २० चं रक्त कधी १६, कधी २४ दाखवू शकतं. दोन मोजण्यांत साडेपाचपर्यंत फरक आला तरी तो निव्वळ मोजण्यातला असू शकतो. मावशीचा फरक ५.१ होता, तोही दोन वेगळ्या लॅबमधला.

"उन्हातान्हात रक्त परभणीहून मुंबईला गेलं, तिथं बिघडलं असेल," असं मावशीला वाटत होतं. हा दोष मात्र बहुधा प्रवासाचा नाही. सीरम वेगळं केलेलं असेल, तर हा रेणू चांगलाच टिकाऊ आहे.

शिवाय कमतरतेची रेषाही दगडावर कोरलेली नाही. २०११ मध्ये अमेरिकेतल्या एका तज्ज्ञ समितीनं बहुतेकांना २० पुरेसं म्हटलं, त्याच वर्षी तिथल्या एंडोक्राइन सोसायटीनं, म्हणजे हार्मोनतज्ज्ञांच्या संघटनेनं, ३० धरलं. २०२४ मध्ये त्या सोसायटीनं ३० ची शिफारस मागे घेतली आणि निरोगी प्रौढांनी सरसकट ही तपासणी करू नये असं सुचवलं. हाडं दुखतात, मुडदूस आहे, किडनीचा विकार आहे, अशांची गोष्ट वेगळी. तिथं तपासणी हवीच. पण लक्षण नसताना निव्वळ १९ आकडा पाहून आपल्या मनानं ६०,००० युनिटची पुडी आठवड्यामागून आठवडे दुधातून घेत राहणं मला धोक्याचं वाटतं. जादा डी शरीरात साठतं आणि रक्तातलं कॅल्शियम वाढवतं.

मावसभाऊ लंडनला असतो. त्याचा रिपोर्ट ५२ आला तेव्हा मावशी खूश झाली होती. तो आकडा नॅनोग्रॅममधला नव्हता, नॅनोमोल या दुसऱ्या एककातला होता. अडीचनं भागला की साधारण २१ उरतात, म्हणजे दोघं मायलेकरं जवळपास सारखीच.

डॉक्टरांनी तिला आठ पुड्या लिहून दिल्यात. रक्तातलं डी निम्मं व्हायला दोन-तीन आठवडे लागतात, म्हणून नवी पातळी स्थिरावायला तीनेक महिने जातात. पुढची तपासणी तेव्हाच, आणि त्याच लॅबमध्ये. दोन्ही रिपोर्टवर तारखेखाली लॅबचं नाव आणि पद्धत लिहून मावशीनं ते पिशवीत ठेवलेत, सोयाबीनच्या काटापट्टीशेजारी.