संस्था कोणाला म्हणायचे? अनेक संगणकांवर ब्राउझर एक्स्टेन्शन बसवण्यामागची पार्श्वभूमी

एक्स्टेन्शन म्हणजे ब्राउझरमध्ये जोडायचा छोटा प्रोग्रॅम. असे एक एक्स्टेन्शन एका संगणकावर बसवायला अर्धा मिनिट पुरतो. तेच चाळीस संगणकांवर, प्रत्येकासमोर न बसता आणि वापरणाऱ्याला न विचारता बसवायचे असेल, तर ब्राउझरला आधी ठरवावे लागते की सांगणाऱ्याला तसा अधिकार आहे की नाही. अडचण अशी की लॅब सांभाळणारा माणूस आणि फसवा टूलबार घुसवणारा इन्स्टॉलर हे दोघेही तांत्रिकदृष्ट्या एकच कृती करतात: ॲडमिनिस्ट्रेटरचे हक्क वापरून संगणकाच्या एका ठरावीक जागी एक नोंद लिहितात. या दोघांना वेगळे ओळखायचे कसे, याच प्रश्नाभोवती गेल्या पंधरा वर्षांतले या विषयातले जवळजवळ सगळे निर्णय फिरत आले आहेत.

इंटरनेट एक्सप्लोररच्या काळात हा प्रश्न कोणी विचारलाच नव्हता. १९९७ मध्ये आलेल्या चौथ्या आवृत्तीपासून एक फाइल आणि रजिस्ट्रीतली (विंडोज आपल्या सेटिंग ठेवते त्या नोंदवहीतली) एक नोंद एवढ्यावर ब्राउझरमध्ये कोणालाही शिरता येत असे, आणि त्या काळी घरोघरी व लॅबमध्येही सर्रास ॲडमिनिस्ट्रेटरच्याच खात्यातून काम चालायचे. बसवलेली ॲड-ऑन, म्हणजे असे बाहेरून जोडलेले प्रोग्रॅम, पाहण्याची आणि बंद करण्याची खिडकी विंडोज एक्सपीच्या दुसऱ्या सर्व्हिस पॅकबरोबर, म्हणजे २००४ मध्ये आली. लॅबमधल्यांची रीत तेव्हा वेगळीच होती. एक संगणक मनासारखा लावून घ्यायचा, त्याच्या हार्ड डिस्कची हुबेहूब प्रत काढायची आणि घोस्ट नावाच्या सॉफ्टवेअरने ती बाकीच्यांवर ‘घोस्ट मारायची’. टूलबार, फॉन्ट, प्रिंटर सगळे त्यातच येत असे.

क्रोमच्या विंडोजवरील स्थिर आवृत्तीत जानेवारी २०१० मध्ये एक्स्टेन्शनची सोय आली, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये कार्यालयांसाठीचा एमएसआय इन्स्टॉलर (अनेक संगणकांवर एकदम चालवता येणारा) व ग्रुप पॉलिसीचे, म्हणजे एका जागेवरून अनेक संगणकांना नियम लावण्याच्या विंडोजमधल्या सोयीचे, साचे उपलब्ध झाले. त्या पाठोपाठ आलेली, यादीतले एक्स्टेन्शन वापरणाऱ्याला न विचारता बसवणारी ‘सक्तीची यादी’ ही पॉलिसी आजही या कामाचा कणा आहे. या यादीतली एक ओळ जवळून पाहण्यासारखी असते. आधी एक्स्टेन्शनची ओळख म्हणून इंग्रजीतल्या ए ते पी या सोळा अक्षरांतून बनलेली ३२ अक्षरे, मग एक अर्धविराम, आणि त्यानंतर ते जिथून उतरवायचे व पुढे अद्ययावत करायचे तो पत्ता. ती ३२ अक्षरे कोणी निवडलेली नसतात. एक्स्टेन्शनवर सही करणाऱ्या सार्वजनिक किल्लीचा हॅश (गणिताने काढलेला ठरावीक लांबीचा ठसा) काढून, त्याचे पहिले १२८ बिट घेऊन, शून्य ते एफ या सोळा चिन्हांच्या जागी ए ते पी ही अक्षरे घातली की ती ओळख तयार होते. त्यामुळे एक अक्षर जरी चुकले तरी ती ओळ कोणत्याच एक्स्टेन्शनची राहत नाही. ब्राउझर काही बोलत नाही आणि काही बसवतही नाही. कित्येक लॅबमधली दुपार या एका अक्षरापायी गेली आहे.

पॉलिसीशिवाय आणखी एक, सौम्य वाट होती. रजिस्ट्रीच्या दुसऱ्या एका कप्प्यात एक्स्टेन्शनची ओळख आणि फाइलचा पत्ता लिहिला की पुढच्या वेळी ब्राउझर उघडताना ते आपोआप बसत असे. फायरफॉक्समध्येही असाच कप्पा होता. छापखान्याची, लेखापालनाची किंवा अँटिव्हायरसची सॉफ्टवेअर आपले जोड-एक्स्टेन्शन याच वाटेने आणत. २०१० नंतरच्या दोन-तीन वर्षांत मात्र पीडीएफ रूपांतरक, व्हिडिओ उतरवण्याची साधने आणि असले फुकटचे काहीही घेताना ‘नेक्स्ट-नेक्स्ट’ करत गेलेल्या माणसाच्या ब्राउझरमध्ये याच वाटेने टूलबार शिरू लागले. मुखपृष्ठ बदलायचे, शोधयंत्र बदलायचे, आणि वापरणाऱ्याला आपण यातले काही मागितले होते असे आठवतही नसे. नोव्हेंबर २०११ मध्ये आलेल्या फायरफॉक्स ८ ने बाहेरच्या प्रोग्रॅमने बसवलेली ॲड-ऑन वापरणारा होकार देईपर्यंत बंद ठेवायला सुरुवात केली. फेब्रुवारी २०१३ मध्ये क्रोम २५ ने विंडोजवर तेच केले. लॅब सांभाळणाऱ्यांना याचा त्रास झाला, कारण प्रत्येक खात्यात प्रत्येक विद्यार्थ्यासमोर होकाराचा चौकोन येऊ लागला; तरीही तो बदल योग्यच होता.

सौम्य वाट बंद होताच टूलबारवाले पॉलिसीच्या वाटेकडे वळले. पॉलिसीने बसवलेले एक्स्टेन्शन वापरणाऱ्याला काढता येत नाही. संस्थेच्या सोयीसाठी ठेवलेला हा गुण त्यांच्या पथ्यावरच पडला. नोव्हेंबर २०१३ मध्ये क्रोम बनवणाऱ्या कंपनीने जाहीर केले की विंडोजवर यापुढे फक्त आपल्या स्टोअरमधलीच एक्स्टेन्शन चालतील. मे २०१४ च्या अखेरीस त्याची अंमलबजावणी सुरू झाली, आणि २०१५ मध्ये हाच नियम मॅकलाही लागू झाला. विकसकांना सूट होती. संस्थांनाही पॉलिसीद्वारे स्टोअरबाहेरचे एक्स्टेन्शन बसवण्याची सूट राहिली. पण विंडोजवर ही सूट तो संगणक ॲक्टिव्ह डिरेक्टरी डोमेनमध्ये (एका सर्व्हरवरून सांभाळल्या जाणाऱ्या संगणकांच्या गटात) सामील असेल तरच, अशी अट तिला जोडली गेली. वाद आहे तो या अटीवर.

अटीमागचा विचार समजण्यासारखा आहे. रजिस्ट्रीत ओळ लिहिणे कोणत्याही इन्स्टॉलरला जमते. पण घरचा संगणक एखाद्या डोमेनमध्ये घुसवणे त्याला सहजासहजी जमत नाही, कारण त्यासाठी पलीकडे सर्व्हर लागतो आणि त्या सर्व्हरवर खाते लागते. म्हणून डोमेन हाच संस्थेचा पुरावा मानला गेला. घरगुती वापरकर्त्याच्या दृष्टीने हा निकष चांगला चालला. प्रश्न आहे तो निकषाबाहेर राहिलेल्यांचा. आपल्याकडची बहुसंख्य छोटी कार्यालये, पतसंस्था, शाळा आणि कनिष्ठ महाविद्यालयांच्या लॅब वर्कग्रुपवर, म्हणजे अशा मध्यवर्ती सर्व्हरशिवाय, चालतात. विंडोज सर्व्हरचा परवाना आणि तो सांभाळणारा माणूस, दोन्ही त्यांच्या अंदाजपत्रकात बसत नाहीत. त्यातच अनेक ठिकाणी संगणक घेताना विंडोजची होम आवृत्ती आलेली असते, आणि होम आवृत्ती डोमेनमध्ये सामील होऊच शकत नाही. अशा ठिकाणी मुख्याध्यापक असतात, विश्वस्त असतात, नोंदणी क्रमांक असतो, लेखापरीक्षण होते. ब्राउझरच्या लेखी मात्र ती संस्था नव्हे.

प्रस्तुत लेखकाला हे तालुक्याच्या गावातल्या एका लॅबमध्ये अनुभवायला मिळाले. तिथे एका हौशी शिक्षकाने प्रात्यक्षिक परीक्षेपुरती काही संकेतस्थळे बंद ठेवणारे छोटे एक्स्टेन्शन स्वतः लिहिले होते, आणि ते दोन वर्षे रजिस्ट्रीतून व्यवस्थित बसत होते. २०१४ च्या जूनमध्ये सत्र सुरू झाले तेव्हा सगळ्या संगणकांवर ते करड्या रंगात, बंद पडलेले दिसले. विकसक मोड (एक्स्टेन्शन बनवणाऱ्यांसाठीची सोय) चालू करून ते हाताने भरता येत होते; पण मग प्रत्येक वेळी ब्राउझर उघडताच विकसक मोडमधली एक्स्टेन्शन बंद करण्याची सूचना समोर येई, आणि मुले ती मोठ्या आनंदाने स्वीकारत. शेवटी ते एक्स्टेन्शन स्टोअरवरच चढवावे लागले. त्यासाठी विकसक म्हणून एकदाचे पाच डॉलर भरण्याची सोय करावी लागली, आणि एका लॅबच्या बाहेर कोणालाही उपयोग नसलेली वस्तू साऱ्या जगाच्या बाजारात, यादीत न दिसणारी म्हणून का होईना, ठेवावी लागली. स्टोअरमधले एक्स्टेन्शन सक्तीच्या यादीने वर्कग्रुपवरच्या संगणकावरही बसते, हा त्यातला दिलासा. ही सवलत नसती तर छोट्या संस्थांना काहीच मार्ग उरला नसता.

यातून ‘संस्था’ हा शब्दच गोंधळाचा झाला. संगणकावर एकही पॉलिसी लागू असली तरी ब्राउझर त्याला संस्थेने व्यवस्थापित केलेला मानतो, आणि २०१९ च्या मार्चमधल्या क्रोम ७३ पासून ही गोष्ट मेन्यूच्या तळाशी स्पष्ट लिहून येऊ लागली. घरी एकटेच संगणक वापरणाऱ्या अनेकांना ती ओळ दिसली आणि आपला संगणक कोणाच्या ताब्यात गेला, अशी धास्ती त्यांनी घेतली. बहुतेक वेळा एखाद्या अँटिव्हायरसने रजिस्ट्रीत लिहिलेली एक नोंद एवढेच त्याचे कारण असे. क्वचित खरोखरच एखादा घुसखोर निघे. म्हणजे एकाच ब्राउझरमध्ये ‘संस्था’ शब्दाचे दोन अर्थ नांदत होते: मेन्यूतली ओळ दिसण्यासाठी रजिस्ट्रीतली कोणतीही नोंद संस्था ठरत होती, आणि स्टोअरबाहेरचे एक्स्टेन्शन बसवण्यासाठी फक्त डोमेन. ज्या शाळेला मेन्यूत संस्था म्हटले जाई, तिलाच स्वतःचे एक्स्टेन्शन बसवताना संस्था मानले जात नसे. या दोन अर्थांना दोन वेगळे शब्द वापरले असते तरी पुष्कळ गैरसमज टळले असते.

फायरफॉक्सने वेगळा मार्ग धरला, आणि छोट्या संस्थांना तो अधिक मानवला. तिथे भर स्टोअरऐवजी सहीवर होता. २०१५-१६ पासून एक्स्टेन्शनवर ब्राउझर बनवणाऱ्यांची सही सक्तीची झाली. पण सही करून घेऊन ती फाइल आपल्याच पेन ड्राइव्हवरून किंवा सर्व्हरवरून वाटायला मोकळीक राहिली. मे २०१८ मधल्या फायरफॉक्स ६० मध्ये पॉलिसीची पद्धत आली तेव्हा ग्रुप पॉलिसीसोबत एक साधी फाइलही मान्य करण्यात आली. ती फाइल फायरफॉक्सच्या फोल्डरमध्ये ठेवली की पुरे. डोमेनची अट नाही. मार्च २०२० मधल्या फायरफॉक्स ७४ ने इतर प्रोग्रॅमना एक्स्टेन्शन टाकण्याची जुनी वाट बंद केली, तेव्हाही ही फाइल चालूच राहिली. सहीवर सगळा भार टाकण्याचा धोका मात्र मे २०१९ च्या पहिल्या शनिवार-रविवारी दिसला. सहीच्या साखळीतल्या मधल्या एका प्रमाणपत्राची मुदत संपली, आणि जगभरच्या फायरफॉक्समधली बहुतेक सगळी एक्स्टेन्शन एकाएकी बंद पडली. ज्या कार्यालयांनी शेकडो संगणकांवर पासवर्ड सांभाळणारे एक्स्टेन्शन बसवले होते, त्यांना आपल्या यादीत काही चूक नाही हे कळायलाच वेळ लागला.

क्रोमच्या बाजूने डोमेनचा हट्ट सैल झाला तो २०१९ च्या एप्रिलमध्ये. क्लाउडवरून ब्राउझर व्यवस्थापित करण्याची शुल्काविना सोय आली. तिच्यात नोंदणीचे एक टोकन (ओळखीचा सांकेतिक मजकूर) रजिस्ट्रीत लिहिले की वर्कग्रुपवरचा संगणकही स्टोअरबाहेरच्या एक्स्टेन्शनसाठी संस्थेचा ठरू लागला. मे २०१४ पासून धरले तर या सोयीला पाच वर्षे लागली. जानेवारी २०२० मध्ये क्रोमियमवर (क्रोमच्याच खुल्या सांगाड्यावर) उभारलेला मायक्रोसॉफ्टचा नवा एज ब्राउझर आला आणि त्याने सक्तीच्या यादीचीच रचना उचलली. त्यामुळे एक काम शिकलेल्याला दुसरे वेगळे शिकावे लागले नाही. घोस्टच्या काळातली प्रोफाइलचे फोल्डर उचलून दुसरीकडे ठेवण्याची सवय मात्र क्रोममध्ये मोडावी लागली, कारण विंडोजवर एक्स्टेन्शनच्या नोंदींची मोहोर आता त्या-त्या संगणकाच्या ओळखीशी बांधलेली असते आणि दुसऱ्या संगणकावर ती जुळत नाही.

अलीकडचे दोन बदल याच यादीवर येऊन आदळले. जुन्या मॅनिफेस्टवरची (एक्स्टेन्शन कसे बनवावे याच्या जुन्या नियमांवरची) एक्स्टेन्शन जून २०२४ पासून टप्प्याटप्प्याने बंद होऊ लागली आणि संस्थांना पॉलिसीने मिळालेली मुदत जून २०२५ मध्ये संपली. यादीतली ओळ बरोबर असूनही एक्स्टेन्शन चालत नाही, अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांपैकी अनेकांचे कारण हेच निघते. दुसरा बदल अधिक गंभीर आहे. डिसेंबर २०२४ मध्ये स्टोअरच्या नावाने आलेल्या खोट्या ईमेलला फसून एका विकसक कंपनीच्या कर्मचाऱ्याने परवानगी देऊन टाकली, आणि हल्लेखोरांनी त्या एक्स्टेन्शनची दूषित आवृत्ती स्टोअरमधूनच, नेहमीच्या अद्ययावत होण्याच्या वाटेने, सुमारे दिवसभर पसरवली. तो नाताळचा दिवस होता. ते एक्स्टेन्शन प्रामुख्याने संस्थांमध्येच वापरले जाणारे होते. सक्तीने बसवलेल्या एक्स्टेन्शनचे ‘काढा’ हे बटण वापरणाऱ्यापुढे चालत नाही. तिथे ती ओळ पुसण्याचा अधिकार फक्त यादी सांभाळणाऱ्याकडे असतो, आणि त्याने ती पुसली तरी ग्रुप पॉलिसी सगळ्या संगणकांवर पोहोचायला दीड-दोन तास जातात.