टॉम अँड जेरी नक्की कोणाचे?

यंदा गणपतीत सोसायटीच्या आवारात पडदा लावून मुलांना जुनी कार्टून दाखवायची, असं नौपाड्यात आमच्या बैठकीत ठरलं. ‘परवानगी कोणाची काढायची?’ असा प्रश्न आला तेव्हा बहुतेकांनी चॅनेलचं नाव घेतलं. पण दाखवणारा मालक असतोच असं नाही.

विल्यम हॅना आणि जोसेफ बार्बेरा यांनी १९४० मध्ये टॉम अँड जेरीची जोडी आणली, तेव्हा दोघंही एमजीएम स्टुडिओत पगारावर होते. थिएटरात दाखवायचे हे छोटे चित्रपट. त्यांना सात ऑस्कर मिळाली, तीही निर्माते फ्रेड क्विम्बी यांच्या नावावर. १९५७ मध्ये एमजीएमने कार्टून विभाग बंद केला. सतरा वर्षं ज्यांना हातानं घडवलं ते मांजर-उंदीर स्टुडिओकडेच राहिले आणि हे दोघं बाहेर पडले. मला हे आजही लागतं. त्यांनी स्वतःची कंपनी काढली, टीव्हीसाठी फ्लिंटस्टोन्स केले. पण दहा वर्षांच्या आत ती कंपनीसुद्धा विकली गेली.

पुढे अमेरिकन टीव्ही उद्योजक टेड टर्नर आले. १९८६ मध्ये त्यांनी एमजीएम विकत घेतली आणि कर्जाचा बोजा झेपेना म्हणून तिचा बराचसा भाग परत विकला, मात्र जुन्या चित्रपटांचा साठा हातचा सोडला नाही. टॉम अँड जेरी त्यातच होते. १९९१ मध्ये त्यांनी हॅना-बार्बेरा कंपनीही घेतली. चौतीस वर्षांनी हॅना-बार्बेरा आणि त्यांची पात्रं पुन्हा एका मालकाकडे आली! याच साठ्यावर १९९२ मध्ये कार्टून नेटवर्क उभं राहिलं, १९९५ मध्ये ते भारतात आलं आणि ठाण्यातल्या केबलवाल्यांच्या वायरींतून आमच्या घरी पोचलं. १९९६ मध्ये टर्नर यांची कंपनी टाइम वॉर्नरमध्ये विलीन झाली, आणि सगळा साठा वॉर्नरकडे गेला.

आपल्याकडचा १९५७ चा कॉपीराइट कायदाही याच वळणाचा आहे. वेगळा करार नसेल तर नोकरीत केलेल्या कामाचा पहिला हक्क मालकाचा, चित्रपटाचा निर्मात्याचा, तोही प्रदर्शनानंतर ६० वर्षं. हक्क विकला तरी ‘हे माझं काम आहे’ असं सांगण्याचा अधिकार लेखकाकडे राहतो, एवढाच दिलासा.

मोगलीचं प्रकरण आणखी गुंत्याचं. ‘जंगल बुक’चे लेखक रुडयार्ड किपलिंग १९३६ मध्ये वारले, त्यामुळे मूळ कथा आता सर्वांना मोकळ्या आहेत. मालिका मात्र जपानच्या निप्पॉन अ‍ॅनिमेशनची, १९८९ ची. दूरदर्शनवर १९९३ मध्ये ती लागली तेव्हा रविवारी सकाळी गल्ली रिकामी व्हायची. गुलजारांनी लिहिलेलं, विशाल भारद्वाज यांनी संगीत दिलेलं हिंदी शीर्षकगीत जपानी मालिकेत नाहीच, ते इथलं. हिंदी आवाजही इथलेच. चित्राचा हक्क एक, गीताचा दुसरा, डबिंगचा तिसरा. नुसतं चित्र मिळवून मुलांना आमचा मोगली दाखवता येणार नाही, म्हणून सोसायटीच्या कागदावर आता एकाऐवजी तीन अर्ज लिहायला घेतलेत.