हात शिवशिवले की सिग्मा वाढतो

नवं उत्पादन घडवणाऱ्यांमध्ये दोन समज ठाण मांडून बसले आहेत. प्रक्रिया ठरवून टाकली की कल्पकता मरते, हा पहिला. सतत बदलत राहिलं की आपण आपोआप चपळ होतो, हा दुसरा, आणि त्याचे आता प्रमाणपत्रासह वर्गही चालतात. किती बदलायचं आणि कधी हात आवरायचा, याला चक्क गणित आहे. ते घोषणांपेक्षा बरंच जुनं आहे.

प्लास्टिकच्या एका क्लिपची चाचणी-बॅच चालू आहे असं धरू. लांबी हवी २०.०० मिमी, टॉलरन्स, म्हणजे चालवून घेण्याजोगा फरक, ±०.०६ मिमी. मोल्ड (साचा) तोच, मटेरियल तेच, सेटिंग तेच, तरी प्रत्येक नग थोडा वेगळा निघतो: २०.०१, १९.९८, २०.०३. वितळलेल्या प्लास्टिकचं तापमान, मोल्डचं तापमान, दाण्यांमधला ओलावा अशी डझनभर कारणं थोडी थोडी हलत असतात. या विखुरणीचं माप म्हणजे प्रमाण विचलन, सिग्मा. आपल्या क्लिपसाठी ते ०.०२ मिमी मानू. मग टॉलरन्स बरोबर तीन सिग्मा होतो आणि १०,००० नगांत साधारण २७ बाद होतात.

आता ऑपरेटर दक्ष आहे. नग ०.०३ ने मोठा आला की तो होल्डिंग प्रेशर (साचा भरल्यावर प्लास्टिकवर धरून ठेवलेला दाब) तेवढ्यापुरतं उतरवतो, लहान आला की चढवतो. प्रत्येक नगानंतर. यात वावगं काय? तर त्याने दुरुस्त केली ती मागच्या नगाची योगायोगाने झालेली चूक, आणि ती पुढच्या नगात येणारच नव्हती. पुढच्या नगाला स्वतःची नवी चूक आहेच, वर मागच्या चुकीची उलटी बाजू सेटिंगमधून येऊन बसते. दोन स्वतंत्र चुका एकत्र आल्या की त्यांच्या सिग्मांच्या वर्गांची बेरीज करायची, म्हणजे पायथागोरसचाच हिशेब. सिग्माचा वर्ग दुप्पट, सिग्मा १.४१ पट. ०.०२ चे झाले ०.०२८, आणि बाद नग २७ वरून सुमारे ३४० वर गेले. मशीन तेच, मटेरियल तेच. वाढली ती फक्त दक्षता. गुणवत्ता-तज्ज्ञ डब्ल्यू. एडवर्ड्स डेमिंग हीच गोष्ट नरसाळ्यातून गोट्या टाकून आणि प्रत्येक गोटीनंतर नरसाळं सरकवून दाखवत.

यातच एक अंधश्रद्धाही जन्माला येते. फार मोठा नग आला की पुढचा बहुधा सरासरीच्या जवळच येतो, कुणी काही करो वा न करो. पण मधल्या वेळात ज्याने नॉब फिरवला त्याला श्रेय मिळतं, आणि ‘त्याचा हात लागला की मशीन सुधारतं’ ही दंतकथा वर्षानुवर्षं चालते.

मग हात बांधून बसायचं का? तेही नाही. दाण्यांचा नवा लॉट आला आणि सरासरीच २०.०४ वर सरकली, तर गप्प राहणं महागात पडेल. नुसती थरथर कोणती आणि खरा सरकाव कोणता, हे ओळखण्यासाठी वेस्टर्न इलेक्ट्रिक या अमेरिकन कंपनीतल्या वॉल्टर शूहार्टने १६ मे १९२४ च्या एका छोट्या टिपणात नियंत्रण-आलेखाची कल्पना मांडली. कृती सोपी आहे. सेटिंगला हात न लावता २०-२५ नग काढा. लागोपाठच्या दोन रिडिंगमधला फरक चिन्ह सोडून लिहा, त्यांची सरासरी काढा आणि तिला २.६६ ने गुणा. आपल्या क्लिपसाठी ती सरासरी ०.०२२५ च्या आसपास येते, गुणाकार ०.०६. रिडिंगच्या सरासरीच्या वर-खाली एवढ्या अंतरावर रेषा मारा. बिंदू रेषेबाहेर गेला, किंवा सलग आठ बिंदू सरासरीच्या एकाच बाजूला पडले, तर कारण शोधा. एरवी हात खिशात. टॉलरन्सही इथे ०.०६ आहे हा निव्वळ योगायोग. टॉलरन्स ड्रॉइंगवरून येतो, या रेषा मशीनकडून. दोन्हींची गल्लत ही नेहमीची चूक आहे.

दुसरी नेहमीची चूक मोजण्यातली. एक नग गरम असताना मोजला आणि दुसरा आक्रसून झाल्यावर, तर आलेखावर दिसतो तो घड्याळाचा फरक. साच्यातून निघाल्यावर किती मिनिटांनी, कुठे धरून, कोणत्या उपकरणाने मोजायचं, हे आधी कुलूपबंद करा. डिझाइन रोज बदला हवं तर. चाचणीची पद्धत नको.

आता माझा आवडता भाग. पूर्ण चूक दुरुस्त न करता तिचा काही हिस्साच दुरुस्त केला तर? त्या हिश्शाला ‘क’ म्हणू. नुसतीच थरथर असेल तेव्हा सिग्माचा वर्ग २/(२ − क) पट होतो. क = १ म्हणजे तो दक्ष ऑपरेटर, दुप्पट. क = ०.२ घेतला तर पट फक्त १.११, म्हणजे सिग्मा सुमारे ५.४ टक्क्यांनी वाढतो. त्या बदल्यात खरा सरकाव आलाच, तर दहा दुरुस्त्यांत त्यातला सुमारे ९० टक्के निघून जातो, कारण ०.८ चा दहावा घात ०.१०७ आहे. स्थैर्य आणि लवचीकपणा यांच्यातला सौदा इथे एका आकड्यात बसतो.

पण ‘क’ कायम एकच का ठेवायचा? सुरुवातीला आपल्याला काहीच ठाऊक नसतं. संख्याशास्त्रज्ञ फ्रँक ग्रब्ज यांनी १९५४ मध्ये सेटिंग लावण्याचा नियम दिला: पहिल्या नगानंतर पूर्ण चूक दुरुस्त करा, दुसऱ्यानंतर निम्मी, तिसऱ्यानंतर एक तृतीयांश, मग एक चतुर्थांश. बीजगणित करून पाहिलं तर मूळ सेटिंगमधली चूक पहिल्याच फेरीत कटते आणि उरते ती आजवरच्या योगायोगांची सरासरी. ती नगांच्या वर्गमुळाच्या प्रमाणात घटत जाते. सोळा नगांनंतर सिग्माचा एक चतुर्थांश.

डिझाइनच्या पुनरावृत्त्यांनाही हाच क्रम मानवतो, फक्त तिथे भागाकार इतका नेमका नसतो. पहिल्या नमुन्यावर आकार, मटेरियल, जोडणी सगळं उलटंपालटं करायला हरकत नाही. पाचव्या नमुन्यावर एका ग्राहकाच्या तक्रारीसाठी अख्खी भिंतीची जाडी बदलणारी टीम तो दक्ष ऑपरेटरच आहे.

ग्रब्जच्या नियमातली नगांची मोजणी पुन्हा १ पासून कधी सुरू करायची, हे मात्र आधीच लिहून ठेवावं: मोल्डचा गेट (प्लास्टिक आत शिरतं ती वाट) बदलला, मटेरियलचा ग्रेड बदलला, ड्रॉइंगचं नवं रिव्हिजन निघालं. सेटिंग हलवल्यावर तापमान स्थिरावेपर्यंत निघालेले नग मोजणीतून बाद धरावेत, नाहीतर पहिलीच, म्हणजे सगळ्यात मोठी दुरुस्ती, खोट्या आकड्यावर होते. नुसती पाळी बदलली तर मोजणी पुढे चालू ठेवायची. नव्या ऑपरेटरमुळे खरंच काही बदललं असेल तर ते आलेखावर दिसेल.