कमी चाललेली डुकाटी म्हणजे नवीन डुकाटी नव्हं

सांगलीत मोटारसायकलींचा विषय निघाला की एक वाक्य ठरलेलं, "जुनी डुकाटी घ्यायची तर कमी चाललेली बघ, इंजिन नवं असतंय." परवा विश्रामबागच्या टपरीवर परत तेच ऐकलं, आणि मित्र तर १९९४ ला आलेल्या ९१६ मॉडेलची एक गाडी बघायला निघालेला, दहा वर्षं शेडमध्ये उभी असलेली. लगा, थांब जरा!

या गाडीत कॅम (व्हॉल्व्ह उघडझाप करणारा दांडा) फिरवायला चेन नसती, रबराचे दातेरी बेल्ट असतात दोन, एका सिलिंडरला एक. त्या बेल्टचं वय किलोमीटरवरच नाही तर वर्षांवरपण जातं, या गाड्यांना दोन वर्षांनी बदलायचे असतात, मग गाडी चालली असो वा नसो. उभ्या गाडीत बेल्ट पुलीवर एकाच जागी दुमडून बसतो, तिथं वाकवून बघितला तर दात्यांच्या मुळाशी बारीक चिरा दिसतात. तो तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात, हेडचं (सिलिंडरच्या वरच्या भागाचं) काम निघतं.

म्हणून स्टार्टर दाबायचाच नाही. बेल्ट बदला, प्लग काढा, सहाव्या गिअरला टाकून मागचं चाक हातानं हळू फिरवा. टाकीतलं जुनं पेट्रोलपण काढा. मालकाला किती चालली हे नंतर, बेल्ट कधी बदलले हे आधी विचारा, बिल दाखवलं तरच खरं.