‘किती टनांची लिफ्ट?’ या प्रश्नामागचा इतिहास

साकीनाक्याच्या गाळ्यात कारखाना थाटणारा उद्योजक असो किंवा भिवंडीत दुमजली गोदाम बांधणारा व्यापारी, मालवाहू लिफ्टची चौकशी बहुतेक वेळा एकाच प्रश्नाने सुरू होते: किती टनांची बसवायची? कोटेशन टनांवर येतं, घासाघीसही टनांवरच होते. माल लिफ्टमध्ये शिरणार कसा, हमालाच्या पाठीवरून, हातगाडीवरून, पॅलेट (माल रचायची फळी) उचलणाऱ्या पॅलेट ट्रकवरून की फोर्कलिफ्टवरून, हे मात्र लिफ्ट बसून काम सुरू झाल्यावर लक्षात येतं. तोवर दाराच्या उंबऱ्याची पट्टी वाकलेली असते. माझ्या मते टनांचा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न माल आत घेण्याच्या पद्धतीचा. असं का, ते कळायला मुंबईत माल मजल्यांवर कसा चढत आला ते पाहावं लागतं.

मस्जिद बंदर आणि दाणाबंदर भागातल्या जुन्या गोदामांत गोणी एक तर पाठीवरून जिन्याने वर जायची, नाहीतर भिंतीबाहेर काढलेल्या तुळईला कप्पी टांगून दोराने ओढली जायची. धान्याच्या, मिरचीच्या, सुपारीच्या पोत्यांना एवढं पुरत होतं. कापसाचं तसं नव्हतं. दाबून बांधलेली मुंबईची एक गासडी ३९२ पौंडांची, म्हणजे जवळपास १७८ किलोंची. अशा दोन गासड्यांची मिळून ७८४ पौंडांची खंडी धरत, आणि कापसाचा भाव खंडीवर बोलला जाई. असा जिन्नस रोज शेकड्याने हलवायचा तर माणसाच्या पाठीवर भागणारं नव्हतं.

कावसजी नानाभाई दावर यांनी ‘बॉम्बे स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी’ स्थापन केली १८५४ साली. ताडदेवची ती गिरणी १८५६ मध्ये चालू झाली. त्याच १८५४ साली न्यूयॉर्कच्या क्रिस्टल पॅलेस प्रदर्शनात एलिशा ओटिस उघड्या फलाटावर उभा राहून वर गेला आणि त्याने लोकांसमोर वरचा दोर कापून टाकायला लावला. फलाट थोडासा घसरला आणि जागीच अडकला. युक्ती साधी होती. फलाटाच्या माथ्यावर बग्गीला लावतात तशी पोलादी पट्ट्यांची स्प्रिंग बसवलेली होती. दोर ताणलेला असेतोवर ती वाकून राहायची. दोर तुटला की सरळ व्हायची आणि तिची टोकं दोन्ही बाजूंच्या दातेरी पट्ट्यांत रुतायची. हा ओटिस पलंग बनवणाऱ्या कारखान्यात काम करत होता आणि ही सोय त्याने कारखान्यातला माल चढवण्यासाठी शोधली होती. त्याच्या पहिल्या लिफ्ट मालाच्याच होत्या. माणसांसाठीची लिफ्ट न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवरच्या एका दुकानात लागली ती १८५७ मध्ये. आज मालाच्या लिफ्टला लोक प्रवासी लिफ्टची गरीब बहीण समजतात. जन्माचा क्रम मात्र उलटा आहे.

मुंबईच्या गिरण्यांची यंत्रं लँकेशायरहून येत आणि इमारतीही त्याच धर्तीवर बांधल्या जात. साच्यांना, म्हणजे कापड विणणाऱ्या मागांना, जागा भरपूर लागते, हादरेही जबर बसतात, म्हणून साचेखातं बहुधा तळमजल्यावर, करवतीच्या दात्यांसारख्या छपराखाली. सूतकताईचं काम मात्र तीन-चार मजल्यांच्या दगडी इमारतीत. इंजिनघरातल्या एकाच वाफेच्या इंजिनाची ताकद दोरखंडांनी आणि पट्ट्यांनी प्रत्येक मजल्यावरच्या लांबलचक शाफ्टपर्यंत, म्हणजे फिरत्या दांड्यापर्यंत, पोचवायची, तर मजले एकावर एक असणं सोयीचं होतं. या रचनेमुळे कापूस, पेळू (पिंजलेल्या कापसाच्या वळ्या) आणि बॉबिनांची पेटारी सतत वर-खाली होत राहिली. इंग्लंडच्या गिरण्यांत १८३० च्या दशकापासूनच त्या शाफ्टवर पट्टा चढवून माल उचलणारी यंत्रं होती. यंत्रांना फिरवणारी ताकदच माल वर नेई, आणि शाफ्ट थांबला की उचलणंही थांबे.

बंदराने वेगळा मार्ग धरला. १८७३ मध्ये मुंबई पोर्ट ट्रस्ट स्थापन झाला, १८८० मध्ये प्रिन्सेस डॉक उघडला, १८८८ मध्ये व्हिक्टोरिया डॉक. गोदीतल्या याऱ्या (क्रेन) पाण्याच्या दाबावर चालू लागल्या. एका ठिकाणी पंप लावून पाणी दाबाखाली साठवायचं आणि नळांतून ते याऱ्यांपर्यंत न्यायचं, ही इंग्लंडमध्ये विल्यम आर्मस्ट्राँगने रुळवलेली पद्धत. आजच्या हायड्रॉलिक लिफ्टमध्ये पाण्याच्या जागी तेल आलं, तत्त्व तेच राहिलं.

वीज आली आणि इमारतीचं गणित बदललं. टाटांच्या खोपोलीच्या जलविद्युत केंद्रातून १९१५ पासून मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळू लागली. आता लिफ्टला त्या फिरत्या शाफ्टची गरज उरली नाही. तिची स्वतःची मोटर आली आणि लिफ्ट इमारतीच्या कुठल्याही कोपऱ्यात बसू शकली. सुरुवातीच्या बऱ्याच यंत्रांत दोर पिंपासारख्या ड्रमवर गुंडाळला जाई. उंची वाढली की ड्रम मोठा करावा लागे, आणि वर पोचल्यावर मोटर बंद झाली नाही तर पिंजरा छताच्या तुळईवर आदळे. ट्रॅक्शन पद्धतीत दोर गुंडाळला जात नाही, खाचा असलेल्या चाकावरून नुसता जातो. एका टोकाला पिंजरा, दुसऱ्या टोकाला प्रतिभार, म्हणजे तोल राखणारं वजन. पिंजरा वर पोचेपर्यंत प्रतिभार खाली टेकलेला असतो, मग चाक फिरत राहिलं तरी दोर घसरतो, पिंजरा आणखी वर जात नाही. प्रतिभार पिंजऱ्याच्या वजनाइतका अधिक भाराच्या साधारण निम्म्याइतका ठेवतात, त्यामुळे मोटरही लहान पुरते. या पद्धतीची एक अडचण मुंबईच्या जुन्या बांधकामांना फार जाचते: यंत्र माथ्यावर असेल तर पिंजरा, माल, प्रतिभार आणि यंत्र यांचा सगळा भार इमारतीच्या डोक्यावर येतो.

कायदा मागाहून आला. भारतातला पहिला फॅक्टरी ॲक्ट १८८१ चा. त्यात मुख्य भर मुलांच्या कामाच्या तासांवर होता. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांची संघटना उभी केली आणि साप्ताहिक सुट्टीसाठी लढा दिला, तेव्हाही लिफ्टच्या उघड्या शाफ्टचा, म्हणजे पिंजरा ज्यातून वर-खाली जातो त्या उभ्या पोकळीचा, विषय मागेच राहिला. १९३९ मध्ये मुंबई प्रांताने ‘बॉम्बे लिफ्ट्स ॲक्ट’ केला: लिफ्ट उभारण्याआधी परवानगी आणि चालवण्याआधी परवाना. त्याची जागा पुढे लिफ्ट, सरकते जिने आणि सरकत्या मार्गांसाठीच्या महाराष्ट्राच्या २०१७ च्या कायद्याने घेतली.

कारखान्यांसाठी खरं महत्त्वाचं ठरलं ते १९४८ च्या फॅक्टरीज ॲक्टमधलं २८ वं कलम आणि त्यातले बारीक तपशील; २०२५ मध्ये या कायद्याची जागा नव्या कामगार संहितेने घेतली. सक्षम व्यक्तीकडून दर सहा महिन्यांनी तपासणी आणि तिची नोंदवही. कमाल सुरक्षित भार लिफ्टवर स्पष्ट लिहिलेला. शाफ्टला आवार आणि दारं. दाराला अशी कळ, की पिंजरा समोर नसेल तर दार उघडू नये आणि दार उघडं असेल तर पिंजरा हलू नये. माणसं जा-ये करणार असतील तर किमान दोन दोर, स्वतंत्रपणे जोडलेले, प्रत्येक एकट्याने पूर्ण भार पेलेल असा, आणि दोर तुटल्यास पिंजरा धरून ठेवणारी योजना. यातली शेवटची मागणी म्हणजे ओटिसची १८५४ ची युक्तीच, फक्त कायद्याच्या भाषेत. दाराच्या कळीची मागणी तिच्याइतकीच मोलाची आहे. दोर क्वचित तुटतो. दार उघडं आणि पिंजरा दुसऱ्याच मजल्यावर, हा प्रसंग निष्काळजी ठिकाणी रोजचा असतो. डोक्यावर गोणी घेऊन मागे सरकणाऱ्या माणसाला मागचा शाफ्ट दिसत नाही. लिफ्ट घेताना एका गोष्टीवर जादा पैसा घालायचाच असेल, तर तो दारांवर घालावा असं मला ठामपणे वाटतं.

१९६० नंतर मुंबईत आणखी एक इमारतप्रकार वाढला, गाळ्यांची इंडस्ट्रियल इस्टेट. एमआयडीसी १९६२ मध्ये आली, मरोळला औद्योगिक वसाहत झाली. अंधेरी, गोरेगाव, कुर्ला, लोअर परळ इथे तळमजला अधिक तीन-चार मजल्यांच्या इमारती उभ्या राहिल्या आणि प्रत्येक मजल्यावर छपाई, शिवणकाम, प्लास्टिक मोल्डिंग, छोटे इंजिनीअरिंगचे कारखाने आले. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या गिरणी संपानंतर एकेक गिरणी बंद पडत गेली, गाळे टिकले. पण गाळ्याची लिफ्ट ही गिरणीच्या लिफ्टपेक्षा वेगळी जिन्नस आहे. गिरणीत काय चढणार हे ठरलेलं असे आणि लिफ्ट एकाच मालकाची असे. गाळ्याची लिफ्ट सगळ्यांची. सकाळी कागदाची रिमं, दुपारी कापडाचे ताके, आणि कोणी गाळा बदलला की संध्याकाळी लेथ मशीन.

इथेच नुसत्या टनांचं गणित अपुरं पडतं. अमेरिकेतल्या यांत्रिक अभियंत्यांच्या संस्थेच्या (एएसएमई) ए१७.१ या लिफ्ट-सुरक्षा संहितेत मालाच्या लिफ्टचे वर्ग भार किती यावर नाहीत, भार कसा येतो यावर पाडलेले आहेत. पहिला वर्ग सर्वसाधारण मालाचा: माल हाताने किंवा हातगाडीने चढवायचा आणि कोणताही एक नग एकूण क्षमतेच्या चौथाईपेक्षा जड नको. दोन टनांची अशी लिफ्ट म्हणजे एक नग फार तर ५०० किलोंचा. एक टनाचा लेथ तिच्यात एकूण वजनाच्या हिशेबात बसतो, पण तळाची चौकट वाकवू शकतो. दुसरा वर्ग वाहनांचा. तिसऱ्या वर्गाचे पोटभेद फोर्कलिफ्टसारख्या गाड्यांसाठी आहेत: गाडी मालासोबत वर जाणार की नुसती माल ठेवून मागे फिरणार, यावर वेगवेगळे. भारतीय मानक ब्युरोच्या आयएस १४६६५ मालिकेतही प्रवासी, माल, रुग्णालय असे लिफ्टचे प्रकार वेगळे धरले आहेत.

यातला तिसरा वर्ग फोर्कलिफ्टसारख्या गाड्यांमुळेच लागतो. मुंबईत हाताने माल चढवण्याची परंपरा खोल आहे. १९६९ च्या माथाडी कायद्याने त्या कष्टकऱ्यांना मंडळ, मजुरीची शाश्वती आणि सुरक्षा दिली. माथाडींची टोळी गोणी एकेक करून ठेवते, भार पिंजऱ्यात हळूहळू आणि पसरून वाढतो. १९८९ मध्ये न्हावा-शेवाचं बंदर सुरू झालं, कंटेनर वाढले आणि त्यांच्यासोबत पॅलेट आलं. दीड टन उचलणाऱ्या फोर्कलिफ्टचं स्वतःचं वजन साधारण अडीच-तीन टन असतं. पुढे एक टनाचं पॅलेट घेऊन ती उंबरा ओलांडते, तेव्हा दोहोंच्या एकत्र वजनाचा मोठा हिस्सा पुढच्या दोन चाकांवर असतो. लिफ्टवर ‘२००० किलो’ लिहिलेलं आहे, मालही एकच टन आहे, तरी त्या क्षणी उंबऱ्यावर, रुळांवर आणि ब्रेकवर येणारा ताण त्या आकड्याच्या पलीकडे गेलेला असतो. हातपॅलेट ट्रकचं वजन किरकोळ. पण त्याची चाकं इतकी लहान, की पिंजरा मजल्यापासून इंचभर वर-खाली थांबला तरी ट्रक अडतो आणि मग माणसं तो धक्के मारून आत घालतात. जुन्या एकाच गतीच्या मोटरींवर असा फरक पडायचाच. मोटरचा वेग हळूहळू कमी करून पिंजरा मजल्याशी बरोबर टेकवणारा व्हीव्हीव्हीएफ ड्राइव्ह पॅलेटवर काम करणाऱ्यांना म्हणूनच चैनीची वस्तू वाटू नये.

भिवंडीने बराच काळ हा प्रश्नच टाळला. मुंबईच्या जकात नाक्याबाहेर, नाशिक महामार्गालगत जमीन होती, म्हणून गोदामं आडवी पसरली: एक मजला, उंच छप्पर, लिफ्ट नाही. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि मुंबईची जकात गेली. गोदामं तिथेच राहिली, पण जमीन महाग झाली आणि मजल्यांचा विचार पुन्हा सुरू झाला. दोन-तीन मजले आणि जड पॅलेट असतील, तर हायड्रॉलिक लिफ्ट मला अधिक योग्य वाटते. तिचा भार खड्ड्याच्या तळाशी जमिनीवर जातो, छतावर येत नाही. जुन्या गाळ्यांतही हाच तिचा मोठा गुण. मोटर मोठी लागते, दिवसभर सतत फेऱ्या झाल्या तर तेल तापतं. मजले जास्त किंवा फेऱ्या अखंड असतील तर ट्रॅक्शनच बरी.

मात्र हायड्रॉलिकचा पंप आणि तेलाची टाकी सहसा तळाशी ठेवतात, आणि मुंबईत तळाशी पाणी येतं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. तेवढा दरवर्षी पडत नाही, पण कुर्ला, साकीनाका, हिंदमाता इथे गुडघाभर पाणी पावसाळ्यात नवीन नाही. खड्डा बहुतेक सगळ्या लिफ्टना लागतो. त्यात पाणी शिरलं की खालचे स्विच, बफर, दोरांची टोकं भिजतात, आणि गंज लगेच दिसत नाही. पंप, टाकी आणि कंट्रोल पॅनेल पुराच्या पातळीच्या वर उचलून ठेवणं, खड्ड्याला उपसा पंप देणं, पाणी असताना पिंजरा वरच्या मजल्यावर नेऊन ठेवणं, हे इथल्या कोटेशनमध्ये सुरुवातीपासून लिहून घ्यायला हवं. परदेशी कंपनीच्या छापील पत्रकात ते सापडणार नाही.

नवी लिफ्ट बसवणाऱ्यांपेक्षा जुन्या लिफ्टसकट गाळा भाड्याने घेणारे कितीतरी जास्त आहेत. त्यांना वर्ग, ड्राइव्ह किंवा खड्डा यातलं काही निवडता येत नाही. पण करारावर सही करण्याआधी सहामाही तपासणीची नोंदवही मागता येते, पिंजऱ्यातली भाराची पाटी वाचता येते, आणि पिंजरा वरच्या मजल्यावर पाठवून खालचं दार ओढून बघता येतं. ते उघडलं, तर आपल्या माणसांना त्या लिफ्टजवळ कामाला लावण्याआधी दुरुस्ती करून घ्यावी, आणि तीही मालकाच्या खर्चाने.